आटे पाडायची डाय घेताना: सेट नको, साइझ घ्या

आईसाठी ओसरीवर झोपाळा टांगायचा होता. लाकडी तुळईतून आरपार चार सळ्या, वरच्या टोकाला आटे, त्यावर वॉशर आणि नट, असं साधं काम. घरात ऑनलाइन मागवलेला चाळीस नगांचा टॅप-डायचा सेट (डाय सळईवर बाहेरून आटे पाडते, टॅप भोकात आतून) पडून होता, पेटी मस्त, आत प्रत्येक डायला आपापला खण, बघूनच बरं वाटायचं. त्यातली १२ ची डाय लावली, सळईवर फिरवली, करकर आवाज करत खाली गेली आणि काढून बघितलं तर आटे म्हणजे उसाचं चिपाड पिळून काढल्यासारखे, माथ्यावरचा धातू निघालेला, कुठं अर्धा आटा तर कुठं नुसती रेघ. नट लावला तर गपकन वरपर्यंत गेला आणि हलवला तर खुळखुळ वाजला. ज्या सळईवर आई बसणार ती अशी चालणार नव्हती. चारही सळ्या बाजूला टाकल्या आणि मग पहिल्यांदा नीट बसून समजून घेतलं की चांगली डाय म्हणजे नक्की काय. त्यानंतरच्या काही वर्षांत जे शिकलो, जे विकत घेतलं आणि जे परत केलं ते सगळं इथं लिहितोय. घरी छोटं वर्कशॉप असेल, एक व्हाईस, एक ड्रिल मशीन, आणि अधूनमधून बोल्ट-स्टड करायची वेळ येत असेल तर उपयोग होईल.

पहिली गोष्ट आत्ताच सांगतो. मोठा सेट घेऊ नका. तेवढ्याच पैशात चार-पाच चांगल्या सुट्या डाया येतात, आणि घरच्या कामात खरं तर चार-पाच साइझच लागतात. सेटमधल्या निम्म्या डाया आयुष्यात एकदाही हातात येत नाहीत, आणि ज्या येतात त्या पहिल्या दोन कामांत मरतात.

आधी तुमच्याकडे कुठले आटे आहेत ते बघा

डाय घ्यायला जायच्या आधी घरातले नट-बोल्ट एका ताटात ओता आणि बघा. आपल्याकडे दोन जगं एकत्र नांदतात. एक मेट्रिक, म्हणजे एम६, एम८, एम१०. दुसरं सुताचं. हार्डवेअरच्या दुकानात आजही माणूस "दोन सुती दे, तीन सुती दे" असंच म्हणतो, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून दोन सूत म्हणजे पाव इंच, अडीच सूत म्हणजे ५/१६, तीन सूत म्हणजे ३/८ आणि चार सूत म्हणजे अर्धा इंच. मेट्रिकचा कायदा १९५६ साली झाला पण सूत काही गेलं नाही. हे सुती बोल्ट बहुतेक व्हिटवर्थ पद्धतीचे, म्हणजे इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये मांडलेले, आट्याचा कोन ५५ अंश. मेट्रिकचा कोन ६० अंश.

सगळ्यात जास्त गोंधळ एम८ आणि अडीच सुतीत होतो. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिमी, एम८ म्हणजे ८. डोळ्याला एकच. पण एम८ चा पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, १.२५ मिमी, आणि अडीच सुतीला इंचात १८ आटे, म्हणजे पिच १.४१. नट दोन-तीन फेरे गोड जातो आणि मग अडकतो, आणि माणसाला वाटतं आटे घाण झालेत, डाय फिरवून साफ करू. तिथं एम८ ची डाय फिरवली की चांगला बोल्ट कायमचा गेला. म्हणून थ्रेड गेज आधी घ्या, डाय नंतर. पात्यांचा छोटा पंखा असतो, मेट्रिक आणि व्हिटवर्थ दोन्ही असलेला घ्यायचा, पातं आट्यावर ठेवून उजेडाकडे धरायचं, मधून उजेड दिसला नाही म्हणजे तोच पिच. गेज नसेल तर दहा आट्यांची लांबी व्हर्नियरनं मोजून दहानं भागा.

नेहमीचे मेट्रिक पिच पाठच करून टाका: एम४ ला ०.७, एम५ ला ०.८, एम६ ला १, एम८ ला १.२५, एम१० ला १.५, एम१२ ला १.७५. हे झाले कोर्स, म्हणजे जाडे. गाड्यांमध्ये फाइन पण येतात, एम१० × १.२५ जपानी डिझाइनच्या गाड्यांत सर्रास, आणि मारुतीच्या चाकाचे स्टड एम१२ × १.२५. जुनी बुलेट असेल तर तिच्यात इंग्लिश आटे निघतात, त्यासाठी वेगळीच खरेदी. नळाच्या पाइपचे आटे हा तर पूर्ण वेगळा विषय, अर्ध्या इंची पाइपचा बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिमी असतो आणि तो आटा निमुळता असतो, त्याला रॅचेटवाला पाइप डाय सेट लागतो, या लेखातल्या डाया तिथं चालत नाहीत.

घरच्या कामाला सुरुवातीला मी एम६, एम८, एम१० एवढ्याच घ्या म्हणेन. जुनं फर्निचर, ग्रिल, शेतीची अवजारं असलं काही दुरुस्त करत असाल तर दोन सुती आणि तीन सुती. बाकीच्या काम आलं की एकेक. आणि सुतीच्या डायवर बीएसडब्ल्यू, म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ, लिहिलेलं आहे ना ते बघा, कारण पाव इंचाला बीएसडब्ल्यू आणि यूएनसी, म्हणजे अमेरिकन इंची जाडे आटे, दोन्हीला २० आटे असतात, ३/८ ला दोन्हीला १६, त्यामुळं दुकानदार दोन्ही सारखंच म्हणून देतो. कोन वेगळा असतो, नट बसतो पण चापून बसत नाही. अर्ध्या इंचाला तर आटेच वेगळे, एकात १२ आणि एकात १३.

गोल डाय आणि षटकोनी डाय

षटकोनी डाय, जिला डाय नट म्हणतात, ती पान्यानं फिरवायची असते आणि तिचं काम आहे खराब झालेले आटे सरळ करणं, नवीन पाडणं नाही. गाडीच्या अडचणीच्या जागेतला स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, ज्यावर हँडल फिरणारच नाही, तिथं ती सोन्यासारखी. पण नव्या सळईवर तिनं आटे पाडायला गेलात तर ती सरळ बसतच नाही.

नवीन आट्यांसाठी गोल डाय घ्यायची, आणि शक्यतो एका बाजूला चीर असलेली, स्प्लिट. ती चीर असल्यामुळं डाय केसभर उघडता आणि मिटता येते. डाय ज्यात बसवून फिरवतात त्या हँडलला एका बाजूला तीन स्क्रू असतात, मधला टोकदार, तो चिरेत घुसून डाय उघडतो, आणि बाजूचे दोन तिला दाबून मिटवतात. पहिला हात उघड्या डायनं, दुसरा हात जरा मिटवून, असं दोनदा पाडलं की आटा स्वच्छ येतो आणि नट जसा हवा तसा, घट्ट किंवा मोकळा, बसवता येतो. बिनचिरेच्या बंद डाया पण असतात, त्या एकाच मापाला कापतात, चांगल्या कंपनीची असेल तर तीही उत्तम, पण मग सगळं तिच्या मापावर, तुमच्या हातात काही नाही.

डायचं बाहेरचं माप, जे कुणी विचारत नाही

हे मला दोन वेळा पैसे घालवल्यावर कळलं म्हणून सविस्तर सांगतो. डाय हँडलमध्ये बसते तिच्या बाहेरच्या व्यासावर. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणं, म्हणजे आयएसओ २५६८ प्रमाणं, एम३ ते एम६ च्या डाया २० मिमी व्यासाच्या, एम८ ची २५, एम१० ची ३०, एम१२ ची ३८ मिमी. आणि इंची पद्धतीत बाहेरचे व्यास १३/१६ इंच, १ इंच, १ ५/१६ इंच, दीड इंच असे. आपल्या बाजारात दोन्ही मिळतात, आणि दुकानात दोन्ही एकाच खोक्यात पडलेले असतात.

आता १३/१६ इंच म्हणजे २०.६४ मिमी. २० मिमीची डाय त्या हँडलमध्ये टाकली की पडते आत, स्क्रू पिळले की धरते पण, आणि वाटतं बसली. बसलेली नसते. ती एका बाजूला सरकलेली असते, हँडलच्या मध्यावर नसते, आणि फिरवताना डुलते. आटे वाकडे येतात आणि आपण हाताला दोष देत बसतो. १ इंच म्हणजे २५.४, त्यात २५ ची डाय टाकली तरी तेच, फरक कमी आहे पण आहे. म्हणून आधी ठरवा की तुम्ही मिलिमीटरच्या घराण्यात राहणार की इंचाच्या, आणि हँडल व डाया त्याच घराण्यातल्या घ्या. दुकानात जाताना व्हर्नियर खिशात ठेवा, डायचा बाहेरचा व्यास आणि जाडी मोजूनच घ्या.

हँडल पण बघून घ्या. डाय टेकते ती आतली पायरी सपाट हवी, त्यावर रंगाचे थेंब किंवा ओतीवाचे खडे नकोत, कारण डाय काटकोनात राहते ती त्या पायरीच्या जोरावर. स्क्रूची टोकं कडक हवीत. स्वस्त हँडलमध्ये ती टोकं दुसऱ्याच दिवशी चपटी होतात आणि डाय हँडलमध्येच गरगर फिरते.

पोलाद कुठलं

डायवर एचएसएस लिहिलेलं असतं किंवा नसतं. नसेल तर बहुतेक कार्बन स्टील किंवा अलॉय टूल स्टील. एचएसएस म्हणजे हाय स्पीड स्टील, त्यातला नेहमीचा प्रकार एम२ (हे पोलादाचं नाव, आट्याचं माप नाही), ज्यात साधारण ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम, २ टक्के व्हॅनेडियम असतं. त्याची खासियत ही की ते जवळजवळ ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापलं तरी कडकपणा सोडत नाही, कार्बन स्टील दोन-अडीचशे अंशांतच नरम पडायला लागतं.

आता हातानं फिरवताना डाय काही ६०० अंश तापत नाही. म्हणून कुणी म्हणेल हाताच्या कामाला कार्बन स्टील पुरे, आणि ते खोटं नाहीये, जुन्या फिटर लोकांनी आयुष्यभर कार्बन स्टीलच्या डाया वापरल्यात आणि त्यांचे आटे आपल्यापेक्षा चांगले असायचे. पण ती डाय नीट बनवलेली असायची. आज बाजारात जी कार्बन स्टीलची येते ती बहुतेक स्वस्तात पडावी म्हणूनच केलेली असते, धार लावलेली नसते, पाणी नीट दिलेलं नसतं. चांगली कार्बनची डाय वाईट एचएसएसपेक्षा कधीही बरी, पण दुकानात उभं राहून ती चांगली आहे हे ओळखणं अवघड, म्हणून माझं मत एचएसएसच घ्या. स्टेनलेसवर काम करणार असाल तर पर्यायच नाही, ३०४ ची सळई कार्बनच्या डायला दोन इंचांत खाऊन टाकते.

आणि "टंगस्टन स्टील", "टायटॅनियम" असले शब्द आणि सोनेरी रंग बघून भुलू नका. खऱ्या कोटिंगचा फायदा मशीनवर होतो. खालची धार बोथट असेल तर वरून सोनेरी करून ती कापायला लागत नाही.

वाईट डाय वाईट का असते तेही सांगतो, कारण हे कळलं की काय बघायचं ते आपोआप कळतं. डायच्या आतले आटे पोलाद मऊ असतानाच पाडतात, मग तिला भट्टीत कडक करतात, आणि कडक होताना पोलाद हलतं, आकसतं, वळतं. चांगला कारखाना हे हलणं आधीच धरून चालतो, कडक झाल्यावर आतले आटे लॅपिंग करून, म्हणजे बारीक घासून, साफ करतो आणि कापणारी धार ग्राइंड करतो. स्वस्तवाला भट्टीतून काढून, काळं करून, पेटीत भरतो. मग पिच थोडा चुकलेला, दात एकमेकांच्या पुढं-मागं, आणि धार म्हणजे नुसता कोपरा. असला दात धातू कापत नाही, ढकलतो आणि फाडतो. माझ्या सळईवरचं ते चिपाड याच्यामुळंच.

भिंगाखाली डाय

दहा पटीचं भिंग घ्या, जवाहिरे वापरतात तसलं. दुकानात सरळ सांगायचं, "शेठ, जरा उघडून बघतो हां." चांगला दुकानदार नाही म्हणत नाही, उलट तोही डोकावतो. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या आसपास, जिथं कारखान्याला माल देणारे टूलवाले आहेत तिथं जा, साध्या हार्डवेअरच्या दुकानात नको, कारण टूलवाल्याकडं रोज परत येणारं गिऱ्हाईक असतं आणि त्याला खराब माल परवडत नाही.

डाय उजेडाकडं धरा आणि आरपार बघा. आतली तीन-चार भोकं, ज्यातून कीस बाहेर पडतो, ती एकसारखी आणि सारख्या अंतरावर दिसली पाहिजेत. त्या भोकांच्या मध्ये जे दातांचे खांब असतात ते सगळे सारख्या रुंदीचे हवेत. एक खांब जाड आणि एक बारीक असेल तर तिथंच ठेवून द्या.

मग डाय थोडी तिरकी करून एका खांबाच्या दातांची कापणारी कड भिंगात घ्या. ही कड, जिथं भोकाची भिंत आणि आटा भेटतात, ती एका सरळ चकचकीत रेषेसारखी दिसायला हवी, कागदाच्या कडेसारखी. चांगल्या डायमध्ये भोकाच्या भिंतीवर ग्राइंडिंगच्या बारीक रेघा दिसतात. वाईटमध्ये तिथं काळा थर असतो, कडेला बारीक लोंबती बर, म्हणजे धातूची फाटकी किनार, असते, किंवा कड गोल झालेली, साबणाच्या वडीच्या कडेसारखी, प्रकाश तिच्यावर जाड पांढरी रेघ होऊन चमकतो. धारेवर प्रकाश चमकला म्हणजे धार नाहीच, हे सुरीलाही लागू आणि डायलाही.

पुढं तोंडाकडचे पहिले दीड-दोन आटे बघा. ते उतरते कापलेले असतात, सगळं काम तेच करतात, बाकीचे मागून फक्त वाट दाखवतात. हा उतार सगळ्या खांबांवर सारखा सुरू झाला पाहिजे. एका खांबावर लवकर आणि दुसऱ्यावर उशिरा सुरू झालेला असेल तर एकाच खांबावर भार येतो आणि डाय सळईला एका बाजूला ओढते. साधारणपणे ज्या बाजूला माप कोरलेलं असतं ती सुरुवातीची बाजू, उतार जास्त तिथं. पण लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, दोन्ही बाजू बघा.

आता अक्षरं. एम८ × १.२५, एचएसएस, कारखान्याचं नाव, आणि असेल तर ६जी असं सगळं स्पष्ट कोरलेलं हवं. ६जी म्हणजे पडलेल्या आट्याचं माप कुठल्या हद्दीत येईल त्याचा दर्जा, नेहमीच्या बोल्टचा तोच असतो. नुसतं "एम८" लिहिलेली डाय मी घेत नाही, पिच न लिहिणारा माणूस बाकी काय काळजी घेणार. आपल्याकडं चेन्नईचं अ‍ॅडिसन, टोटेम, टॅपमध्ये नागपूरचं एमके अशी कटिंग टूलची ओळखीची नावं आहेत, टूलवाल्याला नावानं विचारलं की तो समजतो की गिऱ्हाइकाला कळतंय. नाव असलं तरी भिंग लावायचंच, खोक्यावरचं नाव आणि डायवरचं नाव जुळतंय का तेही बघायचं.

जुन्या बाजारात, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार घ्या, कधी कधी जुन्या इंग्लिश डाया मिळतात, व्हिटवर्थ आणि बीएसएफच्या, म्हणजे इंग्लिश फाइन आट्यांच्या, आणि त्या अप्रतिम असतात. तिथं फक्त दोन गोष्टी: दातांना टवका नको आणि चिरेच्या बरोबर समोर तडा नको. नख फिरवा, तडा नखाला लागतो.

घरी आणल्यावर परीक्षा

बिल नीट ठेवा आणि त्याच आठवड्यात तपासा. पितळेची किंवा साध्या माइल्ड स्टीलची सळई घ्या, आणि सरळ एका लांब नटाच्या, म्हणजे कपलिंग नटाच्या लांबीपेक्षा जास्त आटे पाडा. कपलिंग नट साधारण व्यासाच्या तिप्पट लांब असतो, एम८ ला २४ मिमी. साधा नट ६-७ मिमीचा, त्यात पिचची चूक लपते. लांब नटात लपत नाही. पिच चुकलेला असेल तर सुरुवातीला नट सैल जातो आणि जसजसा पुढं जाईल तसतसा आवळत जाऊन अडकतो. शेवटपर्यंत एकसारखा, मऊ पण न खुळखुळता गेला तर डाय चांगली. ही परीक्षा मला एका टर्नर काकांनी सांगितली आणि यात मी आजवर तीन डाया परत केल्यात, त्यातल्या दोन दिसायला अगदी सुंदर होत्या.

मग मायक्रोमीटरनं आट्यांच्या माथ्यावरचा व्यास मोजा. एम८ चा ६जी मध्ये ७.७६ ते ७.९७ मिमीच्या मध्ये यायला हवा, एम१० चा ९.७३ ते ९.९७, एम६ चा ५.७९ ते ५.९७. भिंगातून आट्यांच्या बाजू बघा, गुळगुळीत हव्यात, खवले नकोत.

चांगल्या डायला चांगली सळई

इथं माझीही चूक होती हे कबूल करायला हवं. झोपाळ्याची ती पहिली सळई काळा बार होती, वर खवल्यांचा थर, मोजली तर कुठं १२.३ आणि कुठं १२.१. एवढं जास्तीचं कापायला कुठलीही डाय रडते. काळा बार आधी घासून मापात आणायचा, किंवा सरळ ब्राइट बार, म्हणजे मापात केलेली चकचकीत सळई, आणायचा. टीएमटीचा तुकडा तर बिलकुल नको.

ब्राइट बार घेतला तरी एक काम उरतंच. ८ चा ब्राइट बार ८.०० ते ७.९६ असा असतो, आणि आपल्याला आट्याचा माथा ७.९७ च्या आत हवाय, शिवाय कापताना धातू थोडा वर फुगतो. सोपा हिशोब असा: व्यासातून पिचचा दहावा भाग वजा करा. एम८ ला ७.८७, एम१० ला ९.८५, एम१२ ला ११.८२, एम६ ला ५.९. तेवढी सळई ड्रिलच्या चकमध्ये धरून, मूठ बसवलेल्या कानसीनं आणि मग पॉलिश पेपरनं उतरवायची. हातमोजे घालून फिरत्या सळईजवळ हात नेऊ नका, मोजा गुंडाळला की हात आत जातो. चष्मा मात्र घाला.

मग टोक निमुळतं करा. सळईचं टोक आट्याच्या बुंध्याच्या व्यासाएवढं बारीक व्हायला हवं, एम८ ला ६.४, एम१० ला ८.१, एम१२ ला ९.८ च्या आसपास. बरेच लोक नुसती कडेची बर काढतात आणि डाय लावतात, मग डाय पकडच घेत नाही, माणूस जोर लावतो, आणि ती तिरकी चढते.

पाडायची पद्धत

सळई व्हाईसमध्ये उभी, गुण्या लावून दोन बाजूंनी सरळ. जबड्यांना अ‍ॅल्युमिनियमचे किंवा लाकडाचे तुकडे. डाय हँडलमध्ये अशी बसवा की उताराची बाजू सळईकडं, पाठ पायरीवर टेकलेली. मधला स्क्रू हलके पिळून डाय थोडी उघडा, थोडीच, कडक पोलाद आहे, जास्त ताणली तर चिरेच्या समोर तडकते. मग बाजूचे स्क्रू फक्त टेकवा.

तेल लावा. स्टीलला सल्फरवालं कटिंग ऑइल सगळ्यात चांगलं, छोटी बाटली वर्षभर पुरते. इंजिन ऑइलनं घसरतं, पण कापायला पाहिजे तेवढी मदत होत नाही. पितळ कोरडंच. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल, आणि आमच्याकडं रॉकेल मिळेनासं झाल्यापासून मी खोबरेल लावतो, छान कापतं.

सुरुवातीचे दोन फेरे हेच सगळं काम आहे. दोन्ही तळवे हँडलच्या मध्यावर, डायच्या जवळ ठेवून वरून सारखा दाब, आणि हळू फिरवायचं. हँडलची टोकं धरून सुरुवात केली की एक हात जास्त दाबतोच. एक फेरा झाला की थांबा, हँडल आणि सळई यांच्यात गुण्या लावा, समोरून आणि बाजूनं. तिरकी असेल तर आत्ताच काढा, टोक कापून परत सुरू करा, चार आटे झाल्यावर सरळ करायला गेलात तर आटे एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ होतात. ड्रिल मशीन असेल तर याहून सोपा मार्ग आहे: प्लग काढा, वायर हातात दिसेल अशी बाजूला ठेवा, सळई चकमध्ये धरा, डायचं हँडल खाली टेबलवर उताराची बाजू वर करून ठेवा, एका हातानं लिव्हरनं हलका दाब द्या आणि दुसऱ्या हातानं चक फिरवा. तीन-चार आटे सरळ पडले की मग व्हाईसवर नेऊन पुढचं करा. मी आता प्रत्येक वेळी असंच करतो.

डायनं पकड घेतली की दाब सोडा, ती स्वतःच उतरते. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, मागं घेताना कट्ट असा बारीक झटका हाताला जाणवतो, तो कीस तुटल्याचा. चांगल्या डायचा कीस छोट्या कुरळ्या स्प्रिंगसारखा पडतो, वाईट डायचा भुकटी आणि काटे. स्टेनलेस असेल तर मध्येच थांबून आराम करू नका आणि बोथट डायनं घासत बसू नका, ते घासलं की तिथंच कडक होतं, सळईही थोडी आणखी बारीक ठेवा, तेल सढळ हातानं.

पाहिजे तेवढी लांबी झाली की डाय उलटी फिरवून काढा, ब्रशनं साफ करा, नट लावून बघा. घट्ट असेल तर मधला स्क्रू पाव फेरा सोडून बाजूचे दोन सारखेच आवळायचे आणि दुसरा हात. हा दुसरा हात लोण्यासारखा जातो आणि आटा चमकायला लागतो. झोपाळ्याच्या चार सळ्या मी अशाच दोन हातांत पाडल्या, प्रत्येकीला दोन-दोन नट, एकावर एक आवळलेले.

एक मात्र सांगतो, ब्रेक, स्टिअरिंग, गाडीचं सस्पेन्शन इथला बोल्ट घरी पाडलेल्या आट्यांचा कधीच नको. कारखान्याचे बोल्ट आटे दाबून, रोलिंग करून बनवतात, धातूचे धागे तुटत नाहीत, शिवाय पोलाद वेगळ्या दर्जाचं असतं, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं. ती ताकद आपल्या माइल्ड स्टीलच्या सळईत नाही.

सांभाळणं

काम झालं की डायमधला कीस ब्रशनं काढा, ठोकून नाही. तेलाचा हात द्या, प्रत्येक डाय वेगळ्या कागदात किंवा छोट्या प्लास्टिकच्या डबीत, एकाच डब्यात सगळ्या टाकल्या की एकमेकींवर आपटून धार जाते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर जूनच्या आधी सगळ्यांना परत एकदा तेल आणि डब्यात सिलिका जेलची पुडी, एका पावसात गंजाचा ठिपका धारेवर बसला की ती धार गेली.

डाय जड चालायला लागली, आट्याच्या बाजू खवलेदार यायला लागल्या की भोकात जाईल अशा बारीक गोल ऑइलस्टोननं कापणाऱ्या भिंतीवर, प्रत्येक खांबाला मोजून सारखे हात मारा, आटे असलेल्या बाजूला अजिबात लावू नका. एवढ्यानं बहुतेक वेळा एक-दोन वर्षं आणखी निघतात. आणि दाताचा टवका उडाला असेल तर तिला नव्या कामातून काढून टाका, रंग चढलेले, गंजलेले जुने आटे साफ करायला ती वेगळ्या डबीत ठेवा, डबीवर मार्करनं मोठ्या अक्षरात "फक्त सफाई" असं लिहून.